माझी सव्वा इंचाची चूक

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. गाणी वाजवणारी नव्हे, ती बिचारी माझ्याही आधी घरी बसली. मी मापं घेणारी, शिंप्याच्या गळ्यात असते ती. सध्या माझा मुक्काम एका खिळ्यावर आहे, शिलाई मशीनच्या वर, खिडकीला लागून. इथून दुकान सगळं दिसतं आणि काम काही नसतं, त्यामुळे बोलायला वेळच वेळ आहे.

माझा जन्म कारखान्यातला. कापडाच्या लांबलचक पट्टीवर पिवळा मुलामा चढवला, त्यावर काळे आकडे उमटवले आणि आम्हां बहिणींना एकीमागून एक कापून काढलं. दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या. शेवटी एक चष्मेवाले गृहस्थ आम्हांला पोलादी पट्टीशेजारी झोपवून बघायचे. सूतभर इकडेतिकडे झालं, की बाजूला टाकायचे. मी पहिल्या फटक्यात पास झाले. साठ म्हणजे अगदी साठ इंच भरले मी त्या दिवशी. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढची हकिकत ऐकून तुम्ही म्हणाल, ही मुळातच खोटी होती. तसं नाही हो.

मला ज्यांनी विकत घेतलं, त्यांना सगळे आत्या म्हणतात. खरं तर त्या एकाच मुलीच्या आत्या. पण ती लहानपणी दिवसभर दुकानात बसून ‘आत्या, आत्या’ करायची, ते गिऱ्हाइकांनी उचललं. दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. दोन मशीनं, कापड बेतायचं एक मोठं टेबल, एक कपाट आणि कोपऱ्यात पडदा. पडद्यामागे मापं घ्यायची. आत्यांच्या तोंडात कायम टाचण्या असतात, आणि टाचण्या धरून त्या जितकं बोलतात तितकं बाकीची माणसं मोकळ्या तोंडानेही बोलत नाहीत.

सकाळी दुकान उघडलं, की आधी मी गळ्यात आणि मग चहा. असा माझा मान होता. छाती, कंबर, मुंढा, बाही, उंची, सगळीकडे मीच. पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट कळली. मी कंबरेभोवती गेले, की माणूस श्वास आत ओढतो. बँकेतल्या बाई असोत नाहीतर भाजीवाली असो, कोणी त्याला अपवाद नाही. काही जणी तर इतक्या आत ओढायच्या, की मला वाटायचं, आता ही चक्कर येऊन पडते.

आत्यांची यावर एक युक्ती होती. त्या घाई करायच्या नाहीत. मला कंबरेभोवती सैल धरून नुसत्या उभ्या राहायच्या आणि काहीतरी विचारायच्या. “धाकट्याचा खोकला गेला का?” “वरच्या मजल्यावरचे भाडेकरू निघाले म्हणे?” समोरची बाई उत्तर द्यायला लागली, की श्वास आपोआप सुटायचा. मग आत्या माप घ्यायच्या. बोलताना, हसताना, बसताना जशी असेल तशी कंबर त्यांना हवी असायची. “श्वास धरून कोणी कपडे घालून फिरतं का?” असं त्या म्हणायच्या.

मग ती बाई मान वाकडी करून माझ्यावरचा आकडा बघायची. तो मात्र मी लपवू शकत नव्हते.

आता माझी चूक सांगते. आत्यांनी माझ्या एका टोकाला, पितळी टोपीच्या भोकातून, धागे कापायची छोटी कात्री बांधली होती. सारखी हरवते म्हणून. कात्रीचं वजन ते किती? पण ते दिवसभर माझ्या अंगाला लोंबकळत असायचं. त्यात इस्त्रीची धग, उन्हाळ्यातला घाम, आणि चौदा वर्षं. मी हळूहळू ताणत गेले. टेप ताणली म्हणजे तिच्यावरचे आकडे एकमेकांपासून लांब जातात, आणि मग खऱ्या पस्तीस इंचांच्या कंबरेला ती चौतीस म्हणू लागते.

मला कळत होतं का? कळत होतं. अंग सैल पडल्यासारखं वाटायचं. पण त्याच सुमारास माझं कौतुकही वाढलं होतं. एक कंडक्टरबाई आहेत, बसवर असतात, गणवेश इथेच शिवतात. त्या दरवेळी खूश होऊन म्हणायच्या, “आत्या, तुमच्या टेपवर मी अजून चौतीसच हं.” मला बाई स्तुती फार आवडते. मी गप्प बसले.

शिवाय कपडे बिघडत नव्हते. आत्यांचं फिटिंग म्हणजे फिटिंग, अशी ख्याती होती. मग कोणाला कशाला शंका येईल?

आत्यांची भाची तोवर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली होती. तिला एक शोधनिबंध लिहायचा होता. विषय होता ‘शरीराविषयीची प्रतिमा आणि सौंदर्याचे आदर्श’. पहिला खर्डा तिने ग्रंथालयात बसून लिहिला, चांगला बावीस पानांचा. तिच्या मॅडमनी तो परत केला. शेवटच्या पानावर लाल शाईत एकच ओळ होती: ‘यात सगळे आहेत, तू कुठे आहेस?’ वर बजावलं, की तीन आठवड्यांनी सोमवारी नवा खर्डा हवा, आणि तोही असाच पुस्तकी असेल तर हा विषय राहिला असं समज. विषय राहिला म्हणजे सगळं वर्ष पुन्हा. भाचीची पाचावर धारण बसली.

“तू कुठे म्हणजे?” आत्यांनी टाचण्यांमधून विचारलं. “फोटो लावायचाय का निबंधाला?”

भाचीला हसू आलं नाही. ती दोन दिवस टेबलाच्या कडेला बसून आत्यांचं काम बघत राहिली. तिसऱ्या दिवशी एका बाईंचं माप चाललेलं असताना तिने एकदम वही उघडली. “आत्या, तुझ्या पडद्यामागे जे चालतं ना, ते एकाही पुस्तकात नाही,” ती म्हणाली.

तिने वीस जणींना विचारायचं ठरवलं. आधी परवानगी घ्यायची, नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक टाकायचा. माझ्याने कंबर मोजायची आणि मग प्रश्न: किती असावी असं वाटतं? असं कधीपासून वाटतं? बाजारात तयार कपडे घेताना काय अनुभव येतो? मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. आजवर मी झगे आणि विजारी मोजल्या, आता विद्येच्या कामी येणार होते.

बायका बोलल्या. एवढं बोलतील असं आत्यांनाही वाटलं नव्हतं. समोरच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी सांगितलं, की अकरा वर्षांत त्यांनी आखूड बाहीचं काही घातलेलं नाही, कारण एकदा कोणीतरी त्यांच्या दंडांवरून काहीतरी बोललं होतं. कोण ते त्यांना आता आठवतसुद्धा नव्हतं. कंडक्टरबाईंनी हसत हसत एक किस्सा सांगितला. सहलीला जायचं म्हणून त्या चौतीस नंबरची तयार पँट घ्यायला गेल्या. “बटण काही लागेना. मी आत उड्या मारतेय, बाहेर दुकानातली मुलगी दार वाजवतेय. शेवटी तशीच परत दिली. काय ध्यान दिसत असेन!” सगळे हसले. भाचीने लिहून घेतलं.

आणि जवळजवळ प्रत्येकीने हेच सांगितलं. आत्यांकडचं माप घेऊन बाजारात गेलं, की कपडा घट्ट होतो. वीसपैकी सतरा जणींनी.

भाचीला वाटलं, घबाड सापडलं. तिने तावातावाने लिहून काढलं, की तयार कपडे बनवणारे मुद्दाम आकड्यापेक्षा लहान कपडे बेततात, म्हणजे बायकांना स्वतःची लाज वाटावी. आठ पानं नुसता जाळ होता. ती ते आत्यांना वाचून दाखवत होती आणि मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकत होते. पण आता बोलायचं कसं?

आणखी एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. ही भाची, जी वीस जणींना प्रश्न विचारत होती, ती रोज कॉलेजातून आली की पडदा ओढून मला स्वतःच्या कंबरेभोवती घ्यायची. श्वास पार आत. तिला सव्वीस हवे होते आणि मी अठ्ठावीस सांगायचे. तिने दुपारचा डबा अर्धाच खायला सुरुवात केली होती. “काय पाखरासारखी टिपतेस?” असं आत्या म्हणायच्या, पण त्यांना वाटायचं, निबंधाची काळजी आहे. निबंधात एकविसावा क्रमांक नव्हता. मॅडमच्या त्या लाल ओळीचं उत्तर पडद्यामागे उभं होतं आणि कागदावर यायला तयार नव्हतं.

निबंध द्यायच्या आधीच्या शुक्रवारी सुतारकाका आले. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत आत्यांना एक फळी बसवून हवी होती. माप आत्यांनी माझ्याने घेऊन फोनवर कळवलं होतं, चाळीस इंच. सुतारकाकांनी फळी जागेवर धरली आणि ती खाली आली.

“छोटी पडतेय, ताई.”

“छोटी कशी पडेल? मी स्वतः मोजलंय. चाळीस.”

“मी चाळीसच कापलीय.”

“मग भिंत सरकली असेल,” आत्या म्हणाल्या.

सुतारकाकांनी वाद घातला नाही. खिशातून पोलादी टेप काढली, जागेला लावली आणि म्हणाले, “सव्वा एक्केचाळीस.” मग त्यांनी मला आत्यांच्या गळ्यातून मागून घेतलं, कात्री सोडवली आणि बेतायच्या टेबलावर आपल्या टेपशेजारी सरळ ठेवलं. कारखान्यातल्या त्या चष्मेवाल्यांनंतर मला असं कोणी झोपवलं नव्हतं.

“ओढू नका तिला,” आत्या म्हणाल्या.

“ओढत नाही, ताई. नुसती ठेवलीय.”

माझ्या चाळीसच्या रेघेशेजारी त्यांची सव्वा एक्केचाळीसची रेघ होती. सुतारकाका, आत्या आणि पलीकडे निबंध लिहीत बसलेली भाची, तिघंही वाकून माझ्याकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्या स्टुलावर बसल्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, यावरून काय ते समजा. “म्हणजे चौदा वर्षं मी बायकांना खोटे आकडे सांगतेय?”

“कपडे बसतात ना?” सुतारकाकांनी विचारलं.

“बसतात.”

“बसणारच. माणूस हिनेच मोजलं आणि कापडही हिनेच. चूक दोन्हीकडे सारखी. तुमचं काम कुठं चुकलं?” त्यांनी फळीला शेजारी एक पट्टी ठोकून दिली आणि चहा न घेता गेले. शहाणा माणूस, कधी निघावं ते कळतं.

काम आत्यांचं चुकलं नव्हतं, पण निबंध चुकला होता. भाचीने हातातली पानं टेबलावर ठेवली. “वीसच्या वीस मापं मी हिनेच घेतलीत, आत्या. कपडे बनवणारे कमी कापत नाहीत. आपणच कमी मोजत होतो. मी आठ पानं लिहिलीत. सोमवारी द्यायचंय. आता काय देऊ?” आणि ती रडायला लागली. मला आसवं असती, तर मीही रडले असते.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि म्हणाली, की आकड्यांत तेवढा फरक मिळवून टाकते, तयार कपड्यांचा भाग उडवते आणि पुस्तकातलं थोडं घालते. कोणाला कळणार आहे?

आत्या म्हणाल्या, “निबंधाचं तू बघ, मला त्यातलं कळत नाही. पण त्या बायकांना सांगायला हवं. त्या मला विचारून बाजारात गेल्या होत्या.”

त्यांनी लगेच फोन करायला घेतले. वीसही जणींना. ‘माझी टेप चुकलीय, वेळ मिळाला की येऊन जा’ असं सरळ सांगायच्या. सोपं नसतं हे, मित्रांनो. ज्याची ख्यातीच मापावर आहे त्याने माप चुकलं म्हणून सांगायचं. माझी जीभ चौदा वर्षं रेटली नाही, आणि या बाईंनी एका संध्याकाळी वीस फोन केले.

शनिवारी बायका आल्या, काही रविवारी सकाळी. नवी टेप आली होती, सुतारकाकांच्या टेपशेजारी तपासून घेतलेली. शाळेतल्या मोठ्या बाई हसल्या. “मी मुलांचे हिशेब तपासते आणि मला हे सुचलं नाही,” म्हणाल्या. काही जणी थोड्या खट्टू झाल्या, एक इंच वाढला म्हणून. पण अंगात तोच कपडा होता आणि तो तसाच बसत होता, त्यामुळे रागवायचं कोणावर हे त्यांना कळेना.

कंडक्टरबाई शेवटी आल्या, ड्यूटी संपवून, खांद्याला पिशवी तशीच. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. नव्या टेपवर त्या पस्तीस भरल्या.

“म्हणजे मी पस्तीसची पँट मागितली असती, तर बसली असती?”

“बसली असती,” आत्या म्हणाल्या.

“म्हणजे मी आत उगाच रडले.”

परवा हाच किस्सा सांगताना त्या हसल्या होत्या आणि आम्हीही हसलो होतो. रडल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “सहलीला गेलेच नाही मी. बरं नाही म्हणून कळवलं.” आणि डोळे पुसून हसल्या, या वेळी खरोखर. “आत्या, आता मला एक पँट तुम्हीच शिवून द्या. सहल पुढच्या महिन्यात परत आहे.”

भाचीने वही उघडली. तिने फोनवरून बाकीच्यांनाही एकच प्रश्न विचारला. कपडा बसला नाही, तेव्हा तुम्हांला कोणाची चूक वाटली? उत्तरं तिने रविवारी दुपारी बेतायच्या टेबलावर मांडली. आत्यांनी पुढ्यात जेवणाचं ताट ठेवलं आणि “आधी हे” एवढंच म्हणाल्या. ती लिहिता लिहिता जेवली, आणि सगळं संपवलं. मी शेजारीच होते, पानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर गुंडाळून ठेवलेली. लिहून झाल्यावर तिने आत्यांना एक परिच्छेद वाचून दाखवला. मला तो पाठ आहे:

‘माझ्या पहिल्या खर्ड्यातलं अनुमान चूक होतं. मी वापरलेली टेप चाळीस इंचांत सव्वा इंच ताणली होती. तयार कपडे कसे बेतले जातात याविषयी मी या मापांवरून काहीही सांगू शकत नाही. पण एक गोष्ट सांगू शकते. सतरा जणींना कपडा बसला नाही. त्यांपैकी दोघींना कपड्याचा राग आला. उरलेल्या पंधरा जणींना स्वतःचा आला. टेप चुकली असेल, असं कोणाच्याही मनात आलं नाही. क्रमांक एकवीस रोज संध्याकाळी हीच टेप वापरत होती आणि सव्वीस आकडा यावा म्हणून निम्मा डबा परत आणत होती. तिच्याही मनात आलं नाही. क्रमांक एकवीस म्हणजे मी.’

आत्यांनी शिवण बाजूला ठेवली. “निम्मा डबा?” त्या म्हणाल्या. मग उठून भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला.

निबंध सोमवारी गेला आणि दोन आठवड्यांनी परत आला. शेवटच्या पानावर पुन्हा लाल शाई होती, पुन्हा एकच ओळ, तीही एका शब्दाची: ‘सापडलीस.’ भाचीने ते पान दुकानात सगळ्यांना दाखवलं. मलाही दाखवलं, म्हणजे माझ्यासमोर धरलं. विषय अर्थातच सुटला.

मला वाटलं होतं, आता माझी रवानगी कचऱ्यात. पण आत्यांनी मला पुसून या खिळ्यावर टांगलं, टोकाला काहीही न बांधता. कोणी नवी बाई पडद्यामागे श्वास ओढून उभी राहिली, की त्या माझ्याकडे बोट दाखवून माझी गोष्ट सांगतात. गोष्ट अर्ध्यावर आली, की श्वास सुटतो. म्हणजे बघा, मी अजून कामाची आहे.

परवा भाचीची पँट बेतायची होती. आत्यांनी नवी टेप तिच्या कंबरेभोवती घेतली आणि सवयीने थांबल्या. थांबायची गरजच नव्हती. भाची मान वाकडी करून आकडा बघायलाही विसरली. म्हणाली, “आत्या, खिसे दोन्ही बाजूंना ठेव. खोल ठेव, हात पूर्ण जायला हवा.” चौदा वर्षांत इतकं सुखाचं माप मी पाहिलं नव्हतं.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही माझी एखादी बहीण असेल. तिला कात्री बांधू नका. इस्त्रीपासून लांब ठेवा, सैल गुंडाळा आणि वर्षातून एकदा पोलादी पट्टीशेजारी झोपवून बघा. आणि एखाद्या दिवशी आकडा जुळला नाही, तर लगेच स्वतःकडे वाकड्या नजरेने बघू नका. आधी टेपकडे बघा. मला वाईट वाटणार नाही.